कडक भाकरीला वसईची हवा

मंगळवेढ्याच्या स्टँडवर आप्पा कंडक्टरशी भांडत होते. गाव सोडलं त्या दिवसाचं मला हेच आधी आठवतं, रडणं-बिडणं नंतरचं. माझ्याबरोबर ज्वारीचं पोतं होतं आणि कंडक्टर त्याचं लगेज लावायला निघाला होता. आप्पांचं म्हणणं एकच. "पोरीचं तिकीट काढलंय न्हवं? मग ती जे खाणार त्येचं येगळं तिकीट कशापायी?" आख्खी गाडी हसायला लागली. कंडक्टरही हसला आणि पोतं मागच्या सीटखाली गेलं. आई खिडकीशी उभी राहून माझा हात धरून होती. मी तिला म्हणाले, पाच वर्षांचाच प्रश्न आहे. ती म्हणाली, "पाच म्हंजी काय लई न्हाईत." आणि मग मात्र आम्ही दोघीही रडलो.

सोलापूरच्या ज्या कारखान्यात हे कामाला होते तो बंद पडला होता. ओळखीच्या एका माणसानं यांना वसईत सातिवलीच्या एका युनिटमध्ये मशीनवर लावलं आणि विरारला, बोळिंजमध्ये, भाड्याची खोली बघून दिली. पाच वर्षं काम करायचं, चार पैसे गाठीला बांधायचे आणि गावी परतून दुकान टाकायचं, असा आमचा बेत. हा पाचाचा आकडा कुणी काढला देव जाणे. तुमच्यातले जे पुण्याला गेले, जे दुबईला गेले, त्या सगळ्यांनी आईला पाचच सांगितले असणार. दुकान कसलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. पाच वर्षं कधी उलटून गेली ते कळलंही नाही. आईही गेली. बोळिंजला खोलीचा फ्लॅट झाला, लेक कॉलेजात जायला लागली आणि घरात "मम्मी, चिल कर ना" अशी मराठी बोलायला लागली.

इथं आले तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा. पाणी टँकरचं, कपडे दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत, सकाळी दारात सायकलवर पाववाला, आणि ज्वारी मागितली की वाणी विचारायचा, "पक्ष्यांसाठी का?" राग आला की मी भाकरी करायची. हाताला तेवढंच जमत होतं. आमच्या आईची कडक भाकरी पापडासारखी पातळ असायची. तव्यावर मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत भाजायची, मोडली तर टचकन आवाज आला पाहिजे. तशी करून मी एकदा डी विंगमधल्या एका बार्शीच्या बाईला दिली. ती बिचारी उंबऱ्यातच उभी राहून अर्धी खाऊन मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी तिनं तिच्या नणंदेला पाठवलं. मग सोसायटीतले, मग शेजारच्या सोसायटीतले, मग जिमला जाणारी पोरं, ज्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ज्वारीत ग्लुटेन नसतं. मला ग्लुटेन म्हणजे काय ते अजून नीट कळलेलं नाही, पण त्याच्या नसण्यानं माझं बरं चाललंय.

आमच्या बचत गटानं एकदा हॉलमध्ये एक शिबिर ठेवलं. विषय होता, छोट्या उद्योगानं ध्येय कसं ठरवावं. शिकवायला एक तरुण मुलगा आला होता. चांगला होता हो, तळमळीनं बोलायचा. म्हणाला, "माझा धंदा वाढू दे" हे ध्येय नव्हे, तो नवस झाला. ध्येय मोजता आलं पाहिजे, त्याला तारीख पाहिजे, आणि ते चारचौघांत बोलून दाखवलं पाहिजे म्हणजे माणूस मागं फिरत नाही. मग त्यानं माईक फिरवला.

माझ्या शेजारी वटारच्या फिलोमिनाबाई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, गावातली वाडी सांभाळतात आणि राजेळी केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करतात. वसईची सुकेळी ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, ती मधात बुडवल्यासारखी लागतात आणि त्यात मध नसतो. त्यांच्या हातात माईक आला तेव्हा त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी केली तेवढीच यंदा करीन. पण एकही काळं पडू देणार नाही." तो मुलगा म्हणाला, "मॅडम, पण ग्रोथ?" बाई शांतपणे म्हणाल्या, "ती केळीला असते बाळा, तिच्या वेगानं." सगळे हसले. मीही हसले, आणि मनात म्हटलं, हिला काही धंदा कळत नाही.

मग माईक माझ्याकडे आला. माझ्यात आप्पांचं रक्त आहे. मी उठून सांगितलं, "दिवाळीपर्यंत वसई-विरारच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत माझी भाकरी पोहोचली पाहिजे." टाळ्या पडल्या. मोजता येतं, तारीख आहे, चारचौघांत बोललेलं आहे. त्या मुलाचं काहीही चुकलं नव्हतं, हे मी आजही सांगते.

सातिवलीत पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या एकाच्या गाळ्यातला अर्धा भाग आम्ही भाड्यानं घेतला. हाताखाली दोघीजणी आल्या, एक जतची आणि एक इथल्याच आगाशीची. थंडीचे दिवस होते, हवा कोरडी, भाकरी अशी व्हायची की पलीकडे खोकेवाल्यापर्यंत मोडल्याचा आवाज जायचा. प्लॅस्टिकची पाकिटं, त्यावर छापील नाव, दुकानात माल, मोबाइलवर ऑर्डरी. मी सोलापूरकडच्या सगळ्या बहिणींना फोटो पाठवले. तुम्हालाही आले असतील. त्या फोटोंत मी जरा जास्तच ताठ उभी आहे.

आणि मग मे महिना अर्धा सरला. पाऊस अजून यायचा होता, पण समुद्रावरून ओलसर वारा सुरू झाला. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलं. सकाळी केलेली भाकरी संध्याकाळी वाकायला लागली. आमच्याकडे मंगळवेढ्याला भाकरी दुरडीत नुसती फडक्याखाली ठेवली तरी महिनाभर जशीच्या तशी राहते, म्हणून टिकण्याची गोष्ट माझ्या डोक्यातच कधी आली नव्हती. कडक भाकरी टिकतेच, हे मी सूर्य उगवतोच इतक्या खात्रीनं धरून चालले होते. पावसाळा लागला आणि माल परत यायला लागला. बोळिंजचा दुकानदार पाकीट हातात वाकवून म्हणाला, "ताई, ये तो रबर हो गया." एका गिऱ्हाइकानं फोन करून विचारलं, यातून चप्पल होईल का. मला हसू आलं आणि फोन ठेवल्यावर रडूही आलं.

आम्ही काय केलं नाही? जाड पाकिटं आणली. औषधाच्या डब्यात असतात तशा पांढऱ्या पुड्या आत टाकल्या. एकीनं ती पुडी मसाला समजून दह्यात घालायला घेतली, नशीब की विचारायला फोन केला. दोनदा भाजून पाहिलं तर करपली. जतची बाई रोज गाळ्यात आल्या आल्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची, आज काम आहे की नाही म्हणून. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. प्रत्येक सोसायटीत पोहोचण्याचं राहू दे, आहे ते चालू ठेवायचं की बंद करायचं, एवढ्यावर गोष्ट आली.

त्याच दिवसांत संजयचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. म्हणाला, "अक्का, तू आता हिकडंच ये. रस्त्याकडची खोली आप्पांनी तुझ्यासाठीच ठेवलीया. किती जणांनी मागितली, कुणाला दिली न्हाई." ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती खोली झाडून, कुलूप लावून रिकामी ठेवली होती आणि घरात तिला "मंगलचं दुकान" म्हणत होते. मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा मला वाटायचं की असेल काही अडगळ. यांनाही संजयचं पटलं. हवा तिथली कोरडी, ज्वारी दारची, खोली फुकट. हे म्हणाले, "बघ, पाच वर्षं जरा लांबली एवढंच."

मी ऐन पावसाळ्यात गावी गेले. तिकडे आभाळ कोरडंच होतं. आप्पांनी खोली उघडून दिली आणि दारात उभे राहिले, पोरीला लग्नातली साडी दाखवताना उभं राहावं तसे. मी आत बसले. जाताना सातिवलीतून थोड्या वाकलेल्या भाकरी नेल्या होत्या. त्या तव्यावर शेकून खोलीतच ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशीही टचकन मोडल्या. मला वाटलं, झालं, देवानंच उत्तर दिलं. तेवढ्यात समोरच्या कमळाकाकू पाणी घेऊन चालल्या होत्या, त्या दारात थांबल्या. "काय गं मंगल, दुकान टाकायलीस म्हनं? कशाचं?" मी म्हटलं, कडक भाकरीचं. काकूंनी कळशी खाली ठेवली. "भाकरीचं? अगं, आन् घेनार कोन? घरात काय हातं मोडल्यात बायांची?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, खरंच नवल वाटलं होतं. त्या गेल्या आणि मी तिथंच बसून राहिले. दुपार झाली तरी माझं डोकं त्याच वाक्यावर. जिथं भाकरी टिकते तिथं तिला गिऱ्हाईक नाही, आणि जिथं गिऱ्हाईक आहे तिथं ती टिकत नाही. डी विंगची बार्शीची बाई बार्शीत राहिली असती तर तिनं माझी भाकरी उंबऱ्यात उभं राहून खाल्ली असती का? तिला ती गोड लागली ती बोळिंजमध्ये. माझा धंदाच मुळी घर सोडून आलेल्यांवर उभा आहे, आणि मी तो घरी घेऊन जायला निघाले होते! मला एकदम हलकं वाटलं आणि वाईटही वाटलं. आप्पांना तेव्हा काही बोलले नाही. आठ दिवस राहते म्हणून गेले होते, चौथ्या दिवशी परतीची गाडी धरली.

आले ती फिलोमिनाबाईंकडे वटारला गेले. त्यांची वाडी पावसात हिरवीकंच झाली होती आणि सुकेळी घालायच्या मांडवावर एक मांजर झोपलं होतं. मी विचारलं, तुमचं काम बंद का? बाई म्हणाल्या, "पावसात कोण वाळवतं? आमचं काम दसऱ्यानंतर, ऊन धरलं की." मी माझी सगळी रडकथा सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि मला स्वयंपाकघरात नेलं. फळीवर पत्र्याचे डबे ओळीनं, झाकणांच्या कडा कापडाच्या पट्टीनं बंद. कशात सुके बोंबील, कशात सोडे, बाटल्यांत मसाला ठासून भरलेला. "ही आमची आगोट," त्या म्हणाल्या. पावसाळ्यापूर्वी इथलं प्रत्येक जुनं घर चार महिन्यांचं सामान भरून ठेवतं, मग ते त्यांचं असो की शेजारच्या माळ्यांचं की कोळ्यांचं. मी इतकी वर्षं बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहत होते आणि हा शब्द ऐकून सोडून दिला होता. बाई म्हणाल्या, "तू पावसात विकतेस, मंगल. पावसाआधी विक ना. मे महिन्यात माणसं डबे भरायलाच बसलेली असतात. त्यांच्या डब्यात तुझी भाकरी का नको?"

मी म्हटलं, "पण मी तर दिवाळीचं ध्येय ठेवलं होतं."

"दिवाळी कुणी सांगितली तुला?"

कुणीच नव्हती सांगितली. दुकानवाले दिवाळी म्हणतात, शिबिरातल्या सगळ्या दिवाळी म्हणत होत्या, म्हणून मीही म्हटलं. तारीख पाहिजे एवढंच मी ऐकलं होतं. ती कुठल्या गावच्या पंचांगातली पाहिजे, हे विचारायचं राहून गेलं. मी राहत होते वसईत आणि माझं वर्ष चालत होतं मंगळवेढ्याचं.

पुढच्या वर्षी मी माईक न घेता ध्येय ठरवलं. गाळ्यात आम्ही तिघी आणि रविवार म्हणून हे, चहा घेत बसलो होतो. थंडीत भाकरी पाकिटातून विकायची. ती त्याच आठवड्यात संपते. फेब्रुवारीपासून मात्र मोठं काम पत्र्याच्या डब्यांचं. भाकरी तव्यावरून उतरली, निवली, की लगेच डब्यात आणि झाकणाला पट्टी. आगोटीआधी ठरवलेले डबे गेले पाहिजेत, आणि पाऊस लागला की कडक भाकरी बंद. पूर्ण बंद. मग त्या दोघींचं काय, हा प्रश्न जतच्या बाईनंच विचारला, आणि उत्तरही तिनंच दिलं. "पावसात मऊ भाकरी करू की ताई. गरम, डब्याला. ती कुठं सादळतीया?" सातिवलीतल्या गाळ्यांतून गावाकडची किती माणसं दुपारी थंड वडापाव खातात, ते आम्ही रोज बघत होतोच. प्रत्येक सोसायटीत पोहोचायचा हट्ट मी सोडला. ज्या घरी डबा उघडल्यावर कुणीतरी गावाचं नाव काढतं, अशी घरं आम्हाला पुरतात.

ते ध्येय त्या वर्षी पुरं झालं. फार मोठं काही झालं असं समजू नका. पेपरात फोटो आला नाही. पण मे महिन्यात फिलोमिनाबाईंच्या फळीवर बोंबलाच्या डब्याशेजारी माझा डबा होता, आणि आगाशी, नंदाखाल, बोळिंज इथल्या किती घरांत बोंबलाच्या चटणीबरोबर ज्वारीची कडक भाकरी खाल्ली गेली! आई असती तर तिनं नाक मुरडलं असतं आणि मग एक तुकडा खाऊन बघितला असता. शिबिरातला तो मुलगा पुन्हा भेटला तेव्हा मी त्याला डबा दिला आणि म्हटलं, सर, तुमचं सगळं बरोबर होतं, फक्त तारखेला गाव असतं. त्यानं ते आता शिकवण्यात घेतलंय, माझं नाव न घेता. घेऊ दे.

गेल्या पावसाळ्यात आप्पा पहिल्यांदा बोळिंजला आले. आजवर बोलावलं की त्यांचं ठरलेलं, "तुम्हीच येनार हायसा न्हवं, मग मी कशाला?" आता आले ते आठ दिवसांसाठी, दातांच्या डॉक्टरांना दाखवायला. वरचे सगळे दात गेलेत, खालचे नावाला. त्यांना खोलीचं सांगायचं म्हणून मी मनात किती जुळवाजुळव केली होती. पहिल्याच दिवशी ते गाळा बघायला आले, मऊ भाकरीचे डबे निघताना बघितले, खोकेवाल्याशी मोडक्या हिंदीत गप्पा मारल्या. घरी येताना रिक्षात स्वतःच म्हणाले, "मंगल, ती खोली संजूला देतो, तुझी ज्वारी ठिवायला. हिकडं दाण्याला कीड लागत असंल, दमटात." मी म्हटलं, लागते खरी. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं आणि मला काय सांगायचं होतं ते त्यांनाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी त्यांच्यासाठी दूध-चपाती करत होते. तेवढ्यात ते स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी ओट्यावरचा डबा उघडला. रात्री लेकीनं झाकण तसंच उघडं टाकलेलं, आतल्या भाकरी सादळून पार कापडासारख्या झाल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिढ्यान् पिढ्या कडक भाकरी खाणाऱ्या माणसापुढे माझा हा माल! मी डबा ओढायला गेले, तर त्यांनी एक तुकडा तोडून तोंडात टाकलाही होता. हळूहळू चघळत राहिले. शेंगाचटणी मागितली, वर तेल मागितलं. आख्खी भाकरी खाल्ली. "किती वर्सं झाली," ते म्हणाले, "भाकर चावून खाल्ल्याला. तिकडं आता दुधात कुस्करून गिळावी लागती. ही हवा बरी हाय तुमची." त्या दिवसापासून रोज रात्री ते स्वतःच्या हातानं एक भाकरी खिडकीत काढून ठेवायला लागले.

आठाचे पंधरा दिवस झाले. डॉक्टरांचं काम संपलं होतं, पण आप्पा सकाळी खाली जाऊन पाववाल्याशी बोलत बसायचे, दुपारी माझ्याबरोबर गाळ्यात. एका रविवारी फिलोमिनाबाई वाडीतली केळफुलं घेऊन आल्या होत्या आणि दोघांची ज्वारी श्रेष्ठ की केळी यावर चर्चा रंगली होती. तेवढ्यात संजयचा फोन आला. मी स्पीकरवर लावला. तिकडून तो जरा चिडूनच म्हणाला, "आप्पा, घरी कवा येनार हायसा?"

आप्पांच्या तोंडात भाकरी होती. त्यांनी ती निवांत चावून संपवली, मग फोनकडे वाकून मोठ्यानं म्हणाले, "घरीच हाय की रं."